मुलामा दिलेल्या ठासणीच्या पिस्तुलाची किंमत

प्रश्न : घरात पणजोबांचं ठासणीचं पिस्तूल आहे. नळी ९ इंची, घोड्याखालच्या पट्टीवर मुकुट धरलेला सिंह. मूळ चकमकीचं (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारं), पुढे टोपीचं (घोडा स्फोटक टोपीवर आपटून पेटणारं) केलेलं. वडिलांनी त्यावर निकेलचा मुलामा चढवला. लंडनच्या लिलावात असंच एक विकलं गेलं; तोच भाव धरावा का? पुन्हा चकमकीचं करून घेतलं तर किंमत वाढेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी नळी रिकामी आहे का ते पाहा. लाकडी काठी तळापर्यंत घाला, नळीच्या तोंडाशी खूण करा आणि खूण तोंडाशी जुळवून काठी बाहेरून नळीला लावा. टोक कानाच्या (बार पेटवण्यासाठी नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या भोकाच्या) दोन-तीन सेंटीमीटर अलीकडेच थांबलं, तर आत जुना बार (दारू-गोळी) असू शकतो. तो घरी काढू नका. परवानाधारक कारागिराकडेच काम द्या.

सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा, १८०८ च्या सुमारास सुरू झालेला. त्याच्या नकला पुष्कळ आहेत, त्यामुळे नुसत्या सिंहावर भाव ठरत नाही.

टोपीच्या बदलाने फारसं बिघडलेलं नाही. १८४० च्या दशकात टोपीची पद्धत सैन्यात रुळली आणि कितीतरी चकमकीची हत्यारं तेव्हाच बदलली गेली. रंजकाची (पेटवणीच्या दारूची) वाटी आणि तिच्यापुढची कमान (स्प्रिंग) काढल्यावर पट्टीत स्क्रूची भोकं उरतात. ती नीट बुजवलेली असतील आणि नव्या घोड्याची झीज बाकी भागांशी जुळत असेल, तर तो त्या काळचाच बदल. अस्सल चकमकीच्या नगापेक्षा भाव कमी, पण संग्राहक तो मान्य करतात. पुन्हा चकमकीचं मात्र करू नका! टोपी बसवायच्या खुंटीसाठी कान मोठा केलेला असतो, तो बुजवून बारीक करावा लागतो. पट्टी उतरवली की जाणकाराला नवं काम लगेच दिसतं, आणि जुना बदलही हातचा जातो.

खरं नुकसान निकेलने केलंय. मुलाम्याआधी धातू घासतात. त्यात शिक्क्यांच्या कडा बोथटतात, पट्टीचे कोपरे गोल होतात. निकेल उतरवलं तरी खाली घासलेलं पोलादच निघेल, जुना रंग परत येत नाही. तेव्हा आहे तसं ठेवा. पापुद्रे सुटले असतील तिथे आत गंज धरतो. ती जागा कोरडी करून मेणाचा पातळ हात द्या.

तुलना टोपीच्या आणि मुलामा दिलेल्या नगाशीच करा, तीही प्रत्यक्ष विक्रीच्या आकड्याशी, अंदाजाशी नाही. लंडनचा भाव तुमच्या उपयोगाचा नाही : शंभर वर्षांपुढची अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारांना आहे. तुमचं त्यात बसतं का, हे विक्रीआधी जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेतून लेखी घ्या.