गोळी घड्याळाप्रमाणे

प्रश्न : आईला कॅन्सर आहे. मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची साधी गोळी दर चार तासांनी लिहून दिली आहे. ती शांत असली की आम्ही गोळी टाळतो, पण मग कळ असह्य होते. काय चुकतं?

उत्तर : गोळी टाळणं. आई शांत आहे ती गोळीमुळेच, आणि तिचा असर साधारण चार तासच टिकतो. मधेच कळ आली तर जादा डोस किती द्यायचा, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. बहुधा दिवसाच्या ६० मिलिग्रॅमचा सहावा भाग, म्हणजे १०. वेळ आणि ० ते १० मधला वेदनेचा आकडा वहीत मांडा. त्यावरूनच नेहमीचा डोस वाढवायचा का, ते ठरतं. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच! मळमळ बहुतेकदा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता नाही. हाक मारूनही जाग येत नसेल किंवा श्वास फार मंदावला, तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा.