बाटली आडवी करायची असेल तर कोयते गावात असतानाच मतदान मागा

ताई, तुमचं सगळं वाचलं आणि पोटात कालवलं. शाळेच्या वाटेवर देशीचं दुकान, बायांनी घरोघर फिरून गोळा केलेल्या सह्या, त्यातल्या कितीतरी "जुळत नाहीत" म्हणून परत आलेल्या, आणि आता दिवाळी झाली की नव्याने अर्ज देऊन बाटली आडवी करायचीच, म्हणजे बायांच्या मतदानाने दुकान बंद करायचंच, असा तुमचा निर्धार. तुमचं गावही ऊसतोडीला, म्हणजे कोयत्यावर, जाणारं आहे असं तुम्ही म्हणता. म्हणून बाकीचं नंतर, आधी एवढंच ऐका: दिवाळीनंतर अर्ज देऊ नका. आम्ही नेमकं तेच केलं होतं.

मी वकील नाही, कुठल्या संस्थेचीही नाही. एका गावात दोनदा मतदान लढवलेली बाई आहे, तेवढाच माझा अधिकार. मतदानाने गावातलं दारूचं दुकान बंद करता येतं, त्या 2008 च्या शासन आदेशावर आमचं काम झालं. तुम्ही अर्ज देण्याआधी त्या आदेशाची आजची, दुरुस्त्यांसकट प्रत मिळवा आणि स्वतः वाचा. माझ्या शब्दावर जाऊ नका.

आमचं दुकान मुळात गावात नव्हतंच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 2017 च्या एप्रिलपासून महामार्गालगतच्या 500 मीटरातली, लहान गावांत 220 मीटरातली, दुकानं उठली. बातमी आली तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. चार महिन्यांनी रस्त्यावरचं ते दुकान मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत येऊन बसलं. पूर्वी प्यायला फाट्यापर्यंत चालत जावं लागायचं. आता घरातून उठलं की दुकान.

सह्यांचं तुम्ही लिहिलंय ते आमच्याबाबतीतही तसंच घडलं. गावात 842 महिला मतदार, त्यांच्या 25 टक्के म्हणजे 211 सह्या हव्या होत्या. आम्ही 268 दिल्या आणि निर्धास्त झालो. पडताळणीत 79 उडाल्या, राहिल्या 189. कारणं वाचून रडू यायचं. यादीत नाव "सुनीता बाळासाहेब", बाईने सही केली "सुनीता मारुती", कारण नवऱ्याला सगळा गाव मारुती म्हणूनच ओळखतो. कुणाचं यादीत माहेरचंच नाव. कुणी सही शिकलेली, पण हात थरथरतो म्हणून लेकीने केलेली. तेव्हा सह्यांसाठी कोरा कागद फिरवू नका. मतदार यादीची छापील प्रत घ्या, यादी भाग आणि अनुक्रमांक आधी लिहा, नाव यादीत आहे अक्षरशः तसंच लिहा, मग सही किंवा अंगठा घ्या. एका बाईची सही दुसरीने करायची नाही, सख्ख्या सासूची सुनेनेसुद्धा नाही. आणि 25 टक्क्यांवर थांबू नका, 40 टक्क्यांपर्यंत जा. सह्या पुन्हा गोळा करून आम्ही 340 दिल्या, तेव्हा कुठे निभावलं.

अर्ज महिला मतदारांच्या मतदानासाठी करा, सर्व मतदारांच्या नाही. दोन्ही वाटा आहेत, पण पुरुषांची मतं मागायला गेलात तर अर्धं गाव आधीच दुकानाच्या ओट्यावर बसलेलं असतं. हे कुणाला कडू लागेल. मला जे दिसलं ते सांगते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहायला बसले.

सह्या मंजूर झाल्या तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. मतदान जानेवारीत लागलं, 2019 च्या. आम्ही ती तारीख आनंदाने घेतली. गावभर फेऱ्या काढल्या, भजनी मंडळाच्या बाया पुढे, शाळेतल्या पोरी मागे. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. चुन्याने भिंतीवर आडवी बाटली काढून म्हाताऱ्या बायांना बोट धरून दाखवली. मतदानाच्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी सातपासून रांग. माझी चुलत सासू, वय ऐंशीच्या पुढे, दोघींच्या खांद्यावर हात टाकून आली. शिक्का मारून बाहेर आली तेव्हा बोटाची शाई सगळ्यांना दाखवत होती.

संध्याकाळी मोजणी झाली. मतदान 487. आडवी बाटली 396, उभी 78, बाद 13. आम्ही गुलाल आणला होता. पोरींनी ताट वाजवायला सुरुवातही केली. तेवढ्यात अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं की एकूण महिला मतदार 842, त्यांच्या निम्म्याहून जास्त म्हणजे 422 मतं आडव्या बाटलीला हवीत, 26 कमी पडली, दुकान चालू राहील.

ताई, हे नीट समजून घ्या. सरपंचाच्या निवडणुकीत जो जास्त मतं घेतो तो जिंकतो, तसं इथे नाही. इथे निम्म्याचा हिशोब यादीतल्या एकूण बायकांवर होतो, मतदानाला आलेल्यांवर नाही. जी बाई आली नाही तिचं मत उभ्या बाटलीला पडल्यासारखंच आहे. आमच्या विरोधात फक्त 78 जणींनी शिक्का मारला होता. आम्ही हरलो ते गावात नसलेल्या बायांमुळे.

आणि त्या कुठे होत्या? कोल्हापूर, सांगलीकडे, उसाच्या फडात. दीडशेच्या वर बाया कोयत्यावर गेलेल्या. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतलेल्या टोळ्या निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, परत येत नाहीत. हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मीही लग्नानंतर चार हंगाम केलेत. तरी अर्ज देताना एकीच्याही डोक्यात आलं नाही की मतदानाच्या दिवशी यादीतली प्रत्येक बाई गावात लागेल. दुकानाचा सगळ्यात जास्त जाच ज्यांना, त्यांनाच आम्ही मतदानातून वगळलं. ही चूक आमची. कुठल्या साहेबाची नाही.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात ते उमगलं तेव्हा मी फोन लावत सुटले. एकीचा फोन रात्री अकराला लागला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता, गाडी भरणं चालू होतं. ती म्हणाली, "काकू, मला यायचंय हो. पण मुकादम म्हणतो, दोन दिवस खाडा केला तर उचलीतून कापीन. आणि याला कोपीवर, झोपडीत, एकट्याला कशी सोडू, हा पिऊन पडतो, बैलांना पाणी कोण दाखवील." तिचा नवरा आमच्याच गल्लीतल्या दुकानातून प्यायला शिकला होता. मी तिला काय सांगणार? गाडीभाड्याची वर्गणी काढावी म्हटलं, तर एवढ्या बायांना आणायला दोन-तीन बस लागल्या असत्या, आणि टोळ्या तरी एका ठिकाणी थोड्याच असतात.

तारीख पुढे ढकलावी म्हणून आम्ही एका कार्यालयात गेलो. कुठलं ते लिहीत नाही, अर्ज ज्या चार-पाच टेबलांवरून फिरतो त्यातलंच एक. अकरा बाया दिवसाची मजुरी बुडवून गेलो. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला साहेब होते, पण चार वाजेपर्यंत व्हरांड्यात बसवलं. आत गेल्यावर उत्तर मिळालं, "तुम्हालाच घाई होती ना?" आमचा अर्ज घेतला, पोच दिली नाही. नंतर विचारलं तर असा अर्ज आलाच नाही म्हणाले. त्या वाक्याची आठवण आली की अजून अंग तापतं. बाई साधी दिसली की तिच्या कागदाला किंमत नसते, असंच तिथे सगळ्यांनी धरलं होतं.

म्हणून सांगते, पोचेवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्या. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दुसऱ्या वेळी आमची फाईल हलली ती याच एका कागदाने, असं माझं मत. सोबतच्या बाया म्हणतात मोर्चाने हलली. दोन्ही केलं होतं.

26 मतांपायी गावात आणखी साडेतीन वर्षं दुकान राहिलं. मध्ये करोनाची दोन वर्षं गेली. त्या काळात काय काय झालं ते इथे लिहिणार नाही, घराघरातलं आहे.

दुसऱ्या मतदानासाठी यादीपासून सुरुवात केली. गावातल्या सहा जणी, वाड्या वाटून घेतल्या, यादीतल्या एकेका नावापुढे खूण केली: गावात आहे, कोयत्यावर जाते, पुण्याला कामाला आहे, लग्न होऊन गेली, वारली. वारलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या मिळून 47 निघाल्या. माझी सासू 2015 ला गेली, तिचंही नाव 2019 च्या यादीत होतं! म्हणजे मागच्या मतदानात ती उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली गेली होती, आणि जन्मभर तिने दारूपायी मार खाल्ला होता. वारलेल्यांसाठी घरच्यांकडून मृत्यूचा दाखला जोडून नमुना 7, म्हणजे नाव कमी करायचा अर्ज, भरून घेतला. लग्न झालेल्या पोरींना सासरी नाव लावायला सांगितलं. नव्या सुनांचे नाव लावायचे नमुना 6 भरले. बीएलओ, म्हणजे गावाच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या, आमच्या अंगणवाडीच्याच ताई होत्या, त्यांनी मनापासून मदत केली. मात्र जिवंत बाईचं नाव चुकून कमी होणार नाही याची डोळ्यांत तेल घालून काळजी घ्या. तसं झालं तर ते पाप तुमच्या माथी येईल, आणि दुकानवाला तेच गावभर सांगत फिरेल.

मग पट्टा पडून टोळ्या परतल्यावर, मे महिन्यात सह्या घेतल्या. अर्जातच स्पष्ट लिहिलं की गावातल्या एवढ्या महिला मतदार ऊसतोडीसाठी ऑक्टोबरपासून बाहेर असतात, तरी मतदान सप्टेंबरच्या आत घ्यावं. सोबत टोळ्यांनिहाय नावांची यादी जोडली. तारीख ठरवणं त्यांच्या हातात आहे, ते ऐकतीलच असं नाही, पण कागदावर कारण असलं की नाही म्हणताना त्यांनाही लिहावं लागतं. मतदान 2022 च्या ऑगस्टमध्ये झालं. यादीत 829 महिला, लागणार होती 415. आडव्या बाटलीला 503 पडली. सोळा-सतरा जणी पुण्याहून एसटीने आल्या होत्या, स्वतःच्या पैशाने. रात्री ज्या बाईचा फोन लागला होता ती सगळ्यात आधी रांगेत उभी होती.

राजकारणाबद्दल तुम्ही विचारलंय. माझं मत ठाम आहे, पटलं तर घ्या. कुठल्याही पक्षाचा बॅनर लावू देऊ नका, आणि पुढे सरपंचपदाला उभं राहायचं ठरवलेल्या माणसाला पुढे करू नका. एकदा का मोहीम अमक्या गटाची झाली, की दुसऱ्या गटाच्या घरातल्या बाया इच्छा असूनही घराबाहेर पडत नाहीत. ग्रामपंचायत निवडणूक जवळ असेल तर ती उरकू द्या. तुमच्यातली एखादी पुढे सदस्य झाली तर चांगलंच आहे, आमच्याकडे दोघी झाल्या. पण आधी बाटली, मग खुर्ची. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ठराव जरूर घ्या, त्याने बळ येतं, पण नुसत्या ठरावाने दुकान बंद होत नाही. ठराव झाला की काम झालं, असं सांगणारे खूप भेटतील.

मतदानाच्या आधीचे दोन दिवस साड्या वाटल्या जातील, मटणाच्या पंगती उठतील. बायांना एवढंच सांगा की मत गुप्त आहे, कुणी काय दिलं आणि शिक्का कुठे मारला याचा संबंध कुणालाच लावता येत नाही. आमच्याकडे साड्या घेतलेल्या बायांनीही आडवीलाच मारलं.

दुकान बंद झाल्यावर सहा महिन्यांनी गावात चोरून बाटल्या यायला लागल्या, हेही लपवत नाही. चंद्रपुरात 2015 ला अख्ख्या जिल्ह्याची दारू बंद झाली आणि 2021 ला पुन्हा उघडली, तेव्हा अवैध दारू वाढली हेच कारण पुढे केलं होतं. आम्ही ग्रामरक्षक दलासाठी ग्रामसभेत मागणी केली, 2016 च्या कायदा दुरुस्तीत तशी तरतूद आहे. दल कधी जोरात चालतं, कधी थंडावतं. तरीही शाळेच्या वाटेवरून संध्याकाळी पोरी एकट्या येतात, हे मी रोज बघते.

आता तुमच्यासाठी काम. यादी उतरवून घ्या आणि मला तीन आकडे कळवा: एकूण महिला मतदार किती, कोयत्यावर जाणाऱ्या किती, आणि वारलेल्या किंवा लग्न होऊन गेलेल्या किती. तारखेसाठी आम्ही केलेल्या अर्जाचा कागद माझ्याकडे आहे, त्यावरून तुमचा लिहून देते. मिटिंगला म्हातारी-कोतारी सगळ्यांना बोलवा, आणि या वर्षी टोळ्या निघायच्या आधी एकदा प्रत्येक मुकादमाच्या घरच्या बाईला भेटून या. आमच्याकडे दोन मुकादमांच्या बायकाच दुसऱ्या वेळी सह्यांचा कागद घेऊन फिरल्या.