‘कसब’ आणि अश्अरींचा ‘कस्ब’

प्रश्न असा : इस्लामी तत्त्वज्ञानावरच्या एका लेखात ‘माणूस कर्माचा कस्ब करतो’ असं वाक्य आहे. हा कस्ब म्हणजे आपलं कसबच का? आणि मग इथे कौशल्याचा काय संबंध?

शब्द एकच. अरबीत या धातूचा अर्थ कमावणे. फारसीमार्गे आपल्याकडे येईपर्यंत कमाईवरून धंदा आणि धंद्यावरून त्यातलं कौशल्य असा अर्थ सरकला. (गावाचा ‘कसबा’ मात्र निराळा, अरबी लिपीत त्याचे क आणि स दोन्ही वेगळे.)

लेखातल्या वाक्यात कमाईच धरायची. कुराणातल्या दुसऱ्या सूरेच्या (अध्यायाच्या) शेवटच्या आयतीत (वचनात) हाच धातू आलाय : जिवाने जे कमावलं ते त्याचं, आणि जे ओढवून घेतलं त्याचा भारही त्याच्यावरच.

माणसाची कर्मं घडवतं कोण, हा इस्लामी विचारवंतांमधला वाद जुना. जबरिया नावाचा पंथ म्हणे, माणूस पूर्ण परस्वाधीन. (आपल्या ‘जबरदस्ती’तला जबर मात्र निराळा, तो फारसी ‘झबर’, म्हणजे वरचा.) विरुद्ध बाजूचे मुअतझिला पंथाचे लोक म्हणत, माणूस स्वतःची कर्मं स्वतः घडवतो, नाहीतर त्याला शिक्षा करणारा अल्लाह न्यायी कसा? बसऱ्याचे धर्मचिंतक अबुल हसन अल-अश्अरी (मृत्यू इ. स. 935च्या सुमारास) आधी मुअतझिलाच होते. पण माणसाला कर्माचा निर्माता म्हटलं की अल्लाहशिवाय दुसरा निर्माता मानल्यासारखं होतं, हे त्यांना पटेना. म्हणून त्यांनी कस्बाचा आधार घेतला : कर्म निर्माण करतो अल्लाह, कमावतो माणूस. त्यांचा दाखला मला फार नेमका वाटतो. तापाने हुडहुडी भरून अंग थरथरतं आणि आपण आपणहून चालतो. दोन्ही हालचाली अल्लाहनेच निर्मिलेल्या, तरी त्यांतला फरक आपला आपल्याला कळतो. दुसरीत त्या क्षणापुरतं सामर्थ्यही माणसाला दिलेलं असतं, तिथे कस्ब.

पण ते सामर्थ्यही अल्लाहनेच निर्मिलं, तर माणसाच्या हाती उरलं काय? बाराव्या शतकात तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांनी हाच आक्षेप घेतला : कमाई आणि कमावलेलं कर्म दोन्ही ईश्वरनिर्मित असतील तर माणूस परस्वाधीनच ठरतो. मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. अरबीत तर अतिसूक्ष्म गोष्टीला ‘अश्अरींच्या कस्बाहून बारीक’ म्हणायची पद्धतच पडली. समरकंदचे धर्मचिंतक मातुरीदी यांनी माणसाच्या निवडीला अधिक वाव दिला.

तेव्हा मराठीत ‘माणूस कर्म कमावतो’ असं लिहावं. ‘कस्ब करतो’ म्हटलं की माणूसच कर्ता वाटतो, आणि अश्अरींना नेमकं तेच टाळायचं होतं.