सही करायच्या आधी

अगं, काल फोनवर तू दोन गोष्टी एकदम सांगितल्यास, शोवाले तुझ्या त्या दोन चाली एकरकमी विकत मागतायत आणि शोमध्ये देवापुढचं गाणंही हवंय म्हणतायत, आणि उद्याच उत्तर पाहिजे. तेव्हा नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितोय.

मी तुला जुन्या रेकॉर्डी ऐकवतो ना, त्यातला तो दाढीवाला योसेले रोझेनब्लाट. खझान, म्हणजे सिनॅगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनाघरात, सगळ्यांच्या वतीने प्रार्थना गाणारा, आपल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, लोकांत हझान म्हणतात तोच. जन्म युक्रेनमधला, १९१२ ला न्यूयॉर्कला आला आणि ओहाब झेडेक सिनॅगॉगमध्ये गायला लागला. १९१८ मध्ये शिकागो ऑपेराने एका रात्रीचे १००० डॉलर देऊ केले तरी हा नाही म्हणाला. इथपर्यंत सगळेच सांगतात, पण पुढचं ऐक. एका ज्यू वर्तमानपत्रात त्याने पैसे घातले, ते बुडालं, १९२५ मध्ये दिवाळं निघालं आणि कर्ज फेडायला तोच माणूस व्होडव्हिलच्या, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकेतल्या करमणुकीच्या कार्यक्रमांच्या, स्टेजवर, कसरतवाले नकलाकार यांच्या मधे, उभा राहिला. पण शुक्रवारी सूर्य मावळून शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू झाला की स्टेजवरचं गाणं बंद. १९२७ च्या 'द जॅझ सिंगर' या सिनेमात घेतलं तेव्हा कोल निद्रे, योम किप्पूरच्या, ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, रात्रीची ती प्रार्थना, कॅमेऱ्यासमोर गायला त्याने नकार दिला आणि एक यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं, गाणं गायला. मला हा दुसरा रोझेनब्लाट जास्त मोठा वाटतो, कारण ऑपेराला नाही म्हणताना हातात नोकरी होती, इथे डोक्यावर कर्ज होतं.

आता शोलोम सेकुंडा. हाही युक्रेनमधूनच आलेला, लहानपणी खझान म्हणून गाजलेला, पुढे यिडिश नाटकांना संगीत द्यायला लागला. १९३२ च्या नाटकासाठी 'बाय मिर बिस्तू शेन' हे गाणं केलं आणि १९३७ मध्ये हक्क ३० डॉलरला विकले, तेही गीतकाराबरोबर वाटून, म्हणजे वाट्याला १५. यिडिश गाणं बाहेर कोण ऐकणार असंच वाटलं असणार. त्याच वर्षी अँड्र्यूज सिस्टर्स या तीन गायिका बहिणींनी ते इंग्रजीत गायलं आणि अमेरिकाभर वाजलं. हक्क परत यायला १९६१ उजाडलं. चोवीस वर्षं गं! माझंही एक टायटल साँग असंच सहा हजारात गेलंय, रिक्षात कुठे ऐकलं की अजून पोटात कालवतं.

आणि बाजारात गायलं की गाणं बाटतं असं घरचे म्हणत असतील तर त्यांना संगीतकार कुर्ट वाइलचं सांग. जर्मनीतल्या खझानाचा मुलगा, नाझींमुळे देश सुटला, १९३५ ला अमेरिकेत आला, ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, पोट भरलं, आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू सिनॅगॉगसाठी किद्दुश, शब्बाथला द्राक्षारसाच्या पेल्यावर म्हणायची प्रार्थना, रचलं ते वडिलांना अर्पण केलं.

तेव्हा शोला हो म्हण. काय गाणार नाहीस ते मात्र आजच, पैशाचा आकडा कळायच्या आधी, लिहून त्यांना पाठव, नंतर सांगितलंस तर तो भाव वाढवायचा प्रकार वाटतो. चाली विकू नकोस, वापरायला दे, ठराविक वर्षांसाठी, रॉयल्टीचा टक्का लिहून घेऊन. एकरकमीवरच अडून बसले तर या दोन चाली बाजूला ठेव आणि त्यांच्यासाठी नवीन काहीतरी कर, तुला येतं ते.

कॉन्ट्रॅक्टची पीडीएफ रात्री पाठव, मी जागा आहे. 'असाइनमेंट', म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावावर करून देणं, हा शब्द जिथे जिथे आलाय तिथे आधीच खूण करून ठेव, तिथूनच सुरू करू.