भुताच्या गेमची गोष्ट लिहिताना

भाऊ, तुझ्या पहिल्याच भुताच्या गेममध्ये पेंटाग्राम (जादूटोण्याची पाच टोकांची चांदणी) आणि लॅटिन मंत्र कशाला? २००१ च्या ‘फेटल फ्रेम’ या जपानी गेममध्ये भुतांशी लढायचं हत्यार म्हणजे कॅमेरा. फटका जोरात बसायला हवा तर भूत अगदी जवळ येऊ द्यावं लागतं. भीती गोष्टीत नाही, खेळायच्या नियमातच बसवलीय. तसं कर. तापीकाठच्या आसरा, म्हणजे डोहातल्या जलदेवता, घे ना गोष्टीत! भर दुपारी बाराला डोहावर जायचं नाही, हा नियम आजीने आयताच दिलाय. आवाजासाठी रावेरकडच्या केळीच्या बागेत मोबाईल घेऊन बस. वाळकी पानं अशी खरखरतात की पैसे देऊन मिळणार नाहीत. आणि हो, आसरा म्हणजे चेटकिणी नव्हेत, लोक त्यांची ओटी भरतात. शेवटी त्यांनाच मारायचा ‘बॉस’, म्हणजे गेममधला मोठा शत्रू, केलास, तर पहिल्या शिव्या माझ्या.