चार मराठी माणसं आणि एक मंडळ

प्रिय इरा,

फोनवर तू हसत हसत विचारलंस, "बाबा, चार मराठी माणसं जमली की लगेच मंडळ का काढतात? अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, घटना, ठराव, अनुमोदन. गणपती बसवायला एवढं लागतं?" आणि त्याच दमात पुढचं, "इंग्रजांच्या राज्यातही तुम्ही लोकांनी अर्जच लिहिले ना फक्त?" ते "तुम्ही लोकांनी" मी मुकाट्यानं गिळलं. पण हे दोन प्रश्न एकमेकांना चिकटलेले आहेत, म्हणून फोनवर न उरकता लिहायला बसलो.

१८१८ साली पेशवाई बुडाली. दुसरा बाजीराव वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. इकडे उमाजी नाईकांनी रामोशांना घेऊन पुण्याच्या आसपासच्या डोंगरांत इंग्रजांना झुंजवलं आणि १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी झाली. तेव्हा कुणी लढलंच नाही असं समजू नकोस. पण हळूहळू लोकांना हेही कळत गेलं की हे राज्य जितकं तोफांवर चालतं तितकंच कागदावर चालतं.

त्या कागदाच्या मागे तुझ्या लंडनमध्ये कोण गेलं होतं, ते तुला शाळेत शिकवलं नसणार. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनीनं १८३९ मध्ये गादीवरून काढलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदाएक वर्षं तिथेच ठाण मांडून बसले. कंपनीच्या भागधारकांपुढे गाऱ्हाणं मांडायचं, पत्रकं छापायची, जो खासदार ऐकेल त्याला गाठायचं. १८४७ मध्ये महाराज काशीला वारले, १८४८ मध्ये डलहौसीनं सातारा खालसा केला, तरी हा माणूस हटेना. शेवटी हात हलवत परत आले. आणि १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट उघडकीला आला तेव्हा त्यात नाव कुणाचं? रंगो बापूजींचं. ते निसटले ते कायमचेच, त्यांच्या मुलाला मात्र फाशी झाली. अर्ज करणारे वेगळे आणि बंड करणारे वेगळे, अशी वाटणी तुझ्या डोक्यात असेल तर ती काढून टाक.

आता मंडळाकडे येतो. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० मध्ये निघाली. निमित्त काय, तर पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार नीट चालत नाही ही तक्रार. (म्हणजे देवाचा हिशेब. आपल्या वार्षिक सभेत काका लोक ज्यावर तासभर भांडतात तोच विषय!) या सभेचा नियम मला फार आवडतो. सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. तेव्हा लोकांनी निवडून दिलेलं कायदेमंडळ देशात कुठेच नव्हतं. साहेबानं "तुम्ही कुणाच्या वतीनं बोलता?" असं विचारलं तर पुढे ठेवायला या सह्या. सभेचा जीव म्हणजे गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना सार्वजनिक काकाच म्हणत. १८७७ च्या दिल्ली दरबारात, जिथे राजेरजवाडे हिरेमोती घालून आले होते, तिथे हे गृहस्थ हातानं कातलेल्या सुताचे कपडे घालून सभेचं म्हणणं मांडायला गेले. गांधीजी तेव्हा आठ वर्षांचेही नव्हते.

१८७५ मध्ये सभेनं ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज केला की तुमच्या सभागृहात हिंदुस्थानचेही प्रतिनिधी घ्या. पुढे काही झालं नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारला लिहिण्याचा सपाटा लावला. या लिखाणामागे न्यायमूर्ती रानडे होते, आणि ते सरकारचेच नोकर! सरकारला त्यांचा संशय आला नसता तरच नवल. माझं मत विचारशील तर त्या अर्जांवर पत्ता साहेबाचा असला, तरी ते खरे पोचले ते आपल्याच लोकांना. सारा किती, तो कशावर बसतो, दुष्काळात सूट का मिळत नाही, हे सही करणाऱ्याला आधी समजून घ्यावं लागे. राज्यकर्त्याला जाब विचारता येतो, ही सवय तिथे लागली.

आणि मंडळ फुटण्याची परंपराही तितकीच जुनी बरं का. १८९५ मध्ये टिळकांच्या मंडळींनी सभा ताब्यात घेतली, तेव्हा रानडे-गोखल्यांनी बाहेर पडून १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. इकडे टिळकांच्या सभेनं पुढच्या दुष्काळात शेतकऱ्यांना साऱ्याच्या सुटीचे नियम समजावून सांगायला सुरुवात केली, तशी १८९७ मध्ये सरकारनं सभेची मान्यताच काढून घेतली.

पण या सगळ्या सभांत बसलं कोण होतं? बहुतेक पागोटीवाले वकील, इनामदार, सावकार. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची दुकानं लुटली आणि कर्जाची खतं जाळली, ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. मारामारी त्या मानानं कमी, भर सगळा कागद जाळण्यावर. त्यांच्या गळ्याला फास त्या कागदाचाच होता. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. सह्यांनी जे झालं नव्हतं ते आगीनं थोडंफार झालं.

जोतीराव फुल्यांचं उत्तर आणखी वेगळं. त्यांना इंग्रजांपेक्षा जवळचा धनी जास्त जाचत होता. त्यांच्या लेखी इंग्रजी राज्य ही शूद्रातिशूद्रांना शिकून मोकळं व्हायची संधी होती, आणि म्हणूनच ते इंग्रजांशीही कडक बोलत. १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी बसलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी बजावलं की सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या घामातून भरते आणि पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो, आधी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. (त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी बायकांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं सांगितलं. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, तुझ्याहून फार मोठ्या नव्हेत.) १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कनॉट याच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी होती, तिथे फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. त्यांनीही मंडळ काढलं होतंच, १८७३ चा सत्यशोधक समाज. फक्त त्यात येणारी माणसं वेगळी होती.

हे हत्यार मग ज्यांना कुठल्याच सभेत जागा नव्हती त्यांनी उचललं. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी महारांना लष्करात पुन्हा घ्यावं म्हणून थेट भारतमंत्र्याकडे अर्ज केला. १९२४ मध्ये आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, हा ठराव मुंबई कायदे कौन्सिलानं १९२३ मध्येच केला होता, महाडच्या नगरपालिकेनंही तो मान्य केला होता. तळ्याला हात लावायची मात्र कुणाची छाती नव्हती. मार्च १९२७ मध्ये आंबेडकर परिषद भरवून हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर दगडफेक झाली, तळ्याचं "शुद्धीकरण" झालं, दावा लागला, आणि तो १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात आंबेडकरांच्या बाजूनं निकालात निघाला. इथे समोर साहेब नव्हता, दावा लावणारे आपलेच लोक होते.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. म्हणजे इंग्रजांच्या घरात राहूनही आपल्या माणसांना पहिलं सुचलं ते हेच. तुझ्या विद्यापीठातल्या मंडळात खजिनदार व्हायचं की नाही ते तू ठरव, पण झालीस तर पावती दिल्याशिवाय कुणाचा एक पेनीसुद्धा घेऊ नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. "फक्त अर्ज" म्हणालीस म्हणून एक राहिलंच. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबानं सहा दिवस संप केला. गोळीबार झाला, माणसं मेली. त्या संपाला ना अध्यक्ष होता ना चिटणीस.