15 मीटरवरचा यूएसबी कॅमेरा: अ‍ॅक्टिव्ह केबलने सिग्नल पोहोचेल, विजेचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉम्प्युटर हॉलच्या एका टोकाला, फिरणारा यूएसबी कॅमेरा आणि माइक दुसऱ्या टोकाला, मधलं अंतर 15 मीटर. 5 मीटरच्या तीन अ‍ॅक्टिव्ह एक्स्टेंशन केबल (आत सिग्नल नव्याने पुढे पाठवणारा भाग असलेल्या) एकापुढे एक जोडल्या तर चालेल का?

सिग्नल पोहोचेल, वीज पुरणार नाही. कॅमेऱ्याच्या टोकाला वेगळा अ‍ॅडॉप्टर दिलात तर कॅमेऱ्याचं काम होईल. माइकबद्दल माझं मत वेगळं आहे, ते खाली लिहितो. सभागृहांत आणि वर्गखोल्यांत कॅमेरे-माइक बसवणं हेच माझं काम आहे, आणि लांबच्या यूएसबी जोडणीत वीज कमी पडणं हे दुखणं मला सगळ्यात जास्त वेळा दिसतं. त्याचं खापर मात्र बहुतेक वेळा कॅमेऱ्यावर नाहीतर ड्रायव्हरवर फुटतं.

आधी 5 मीटरची मर्यादा कुठून आली ते बघू. यूएसबी 2.0 मध्ये बोलणं नेहमी कॉम्प्युटर सुरू करतो. तो विचारतो आणि उत्तरासाठी ठरावीक, अगदी थोडा वेळ थांबतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही की ते हरवलं असं धरतो. केबलमधून सिग्नल जायला वेळ लागतो आणि नियमाने तो एका तुकड्यात 26 नॅनोसेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नये. 5 मीटरचा आकडा तिथून येतो. म्हणून नुसती जाड, महागडी साधी केबल घेऊन अंतर वाढत नाही. हबला (एका पोर्टातून पुढे जोडण्या देणाऱ्या डबीला) मात्र या हिशेबात आधीच जागा ठेवलेली आहे: कॉम्प्युटर आणि उपकरण यांच्यामध्ये जास्तीत जास्त पाच हब चालतात. चांगल्या अ‍ॅक्टिव्ह केबलच्या टोकाशी जो फुगीर भाग असतो त्यात असा एका पोर्टचा हबच असतो. तो आलेला सिग्नल वाचतो आणि नव्याने, स्वच्छ करून पुढे पाठवतो.

म्हणजे तुमच्या तीन केबल म्हणजे तीन हब. शेवटी अ‍ॅडॉप्टरवाला हब लावलात की चार झाले. हातात एकच उरतो. त्यामुळे ही साखळी मॉनिटरच्या यूएसबी पोर्टात किंवा लॅपटॉपच्या डॉकमध्ये (जादा पोर्ट देणाऱ्या डब्यात) खोचू नका, त्यांच्या आत स्वतःचे हब असतात. थेट कॉम्प्युटरच्या पोर्टात लावा. सात पोर्टांचे हबही टाळा, त्यांत बऱ्याचदा दोन हब एकामागे एक जोडलेले असतात.

आता विजेचं. केबलच्या आवरणावर बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं असतं, ते उजेडात धरून वाचा. ‘28AWG/1P + 24AWG/2C’ असं दिसलं (AWG म्हणजे गेज, तारेच्या जाडीचं माप) तर पहिला आकडा डेटाच्या जोडीचा आणि दुसरा विजेच्या दोन तारांचा. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. दोन्हीकडे 28 असेल तर वीजही बारीक तारेतूनच चालली आहे. 28 गेजच्या तारेचा रोध मीटरला साधारण 0.21 ओहम. वीज जाते आणि परतही येते, म्हणून 15 मीटरच्या केबलला 30 मीटर तार धरायची, म्हणजे 6 ओहमच्या वर. कॅमेऱ्याने 500 मिलिअँपिअर ओढले की वाटेतच 3 व्होल्ट गळतात आणि 5 मधले 2 सुद्धा टोकाला पोहोचत नाहीत. 24 गेजची तार घेतली तरी सव्वा व्होल्ट जातो. अडॅप्टर नसलेल्या हबच्या टोकाला 4.4 व्होल्टच्या खाली जायचं नाही असा नियम आहे, तो इथे दोन्हीकडे मोडतो. शिवाय वाटेतले तीन हब स्वतःसाठी वीज घेतात ती वेगळीच.

कीबोर्ड-माउसचं काम मात्र अशाच साखळीवर बिनबोभाट चालतं, कारण त्यांना वीज अगदी थोडी लागते. तेच पाहून लोक कॅमेराही चालेल असं धरून चालतात. कॅमेरा लावला की दिवा लागतो, चित्रही येतं, सगळं ठीक वाटतं. मग रिमोटने कॅमेरा डावीकडे वळवायला जावं तर मोटर सुरू होताक्षणी चित्र गोठतं, यूएसबी सुटल्याचा आवाज येतो आणि दोन-तीन सेकंदांनी कॅमेरा पुन्हा नव्याने जोडला जातो. मोटरने वीज ओढली, व्होल्टेज बसलं, कॅमेऱ्याचा प्रोसेसर बंद पडून परत उठला. हे लक्षण दिसलं तर ड्रायव्हर बदलत बसू नका.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असेल तर तो लावाच. नसेल तर अडॅप्टरसाठी सॉकेट असलेली अ‍ॅक्टिव्ह केबल मिळते, तशी घ्या आणि अडॅप्टर शेवटच्या, कॅमेऱ्याजवळच्या तुकड्याला द्या. पहिल्या तुकड्याला दिलात तर पुढच्या तारेत वीज पुन्हा गळणारच.

खरेदीआधी आणखी एक बघा, कॅमेरा यूएसबी 2 चा की 3 चा. पूर्ण एचडी चित्र कॉम्प्रेस करून पाठवणारा कॅमेरा यूएसबी 2 वर आरामात चालतो. तेच चित्र कॉम्प्रेस न करता सेकंदाला 30 फ्रेमने पाठवायचं तर 120 मेगाबाइटच्या वर जातं, आणि यूएसबी 2 ची पूर्ण क्षमता, तीही कागदावरची, 60 मेगाबाइट. असा कॅमेरा असेल तर तीन केबलचा बेत सोडा आणि एकसंध 15 मीटरची ऑप्टिकल (प्रकाशातून डेटा नेणारी) यूएसबी 3 केबल घ्या. फक्त तिच्यातून यूएसबी 2 चा सिग्नलही जातो ना, हे विचारून घ्या. काही ऑप्टिकल केबल तो नेतच नाहीत, आणि मग त्याच टोकाला जोडलेला यूएसबी माइक दिसतच नाही.

माइक यूएसबीवरून इतका लांब नेऊ नये असं मला मनापासून वाटतं. यूएसबीवरचा आवाज आणि बहुतेक कॅमेऱ्यांचं चित्र ज्या पद्धतीने जातं, तिच्यात डेटाचा बिघडलेला तुकडा पुन्हा मागवला जात नाही. पेनड्राइव्हची फाइल जरा सावकाश येईल पण धड येईल, माइकमध्ये मात्र थेट कटकट ऐकू येते. त्यापेक्षा एक्सएलआर (तीन पिनांच्या गोल कनेक्टरचा) माइक घ्या, 15 मीटर साधी बॅलन्स्ड (बाहेरची खरखर रोखणारी) माइक केबल टाका आणि ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला देणारा डबा, कॉम्प्युटरशेजारी ठेवा. त्या केबलला 15 मीटर म्हणजे काहीच नाही.

केबल आल्या की लगेच भिंतीवर पट्टीत बसवू नका. आधी जमिनीवर पसरून जोडा. विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यादी जोडणीच्या क्रमाने लावून बघा, प्रत्येक केबल एकेक हब म्हणून दिसायला हवी. दिसली नाही तर आत हब नाही, नुसता सिग्नल उचलणारा भाग आहे. तशा तीन केबल एकापुढे एक लावून वेळेचा हिशेब जमेल याची खात्री नसते. मग कॅमेरा तासभर चालू ठेवून सतत फिरवा, झूम करा. एकदाही सुटला नाही तरच पक्कं बसवा, आणि मधले दोन्ही जोड टेपने किंवा टायने असे बांधा की केबलचं वजन सॉकेटवर येणार नाही.

कॅमेऱ्याच्या खालच्या लेबलवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते कळवा, म्हणजे अ‍ॅडॉप्टर कोणता घ्यायचा ते सांगतो.